शोकेसमधले गलबत

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत शोकेस कधी आली, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. वाड्यांत कोनाडे होते, फडताळे होती, फार तर काचेचे एखादे कपाट. फ्लॅट आले आणि त्यांच्याबरोबर दर्शनी भिंतीवर सनमायका लावलेली शोकेस आली. मग तिच्यात ठेवायचे काय, हा प्रश्न आला. कोल्हापुरातल्या बहुतेक घरांनी त्याचे उत्तर सारखेच शोधलेले दिसते. आग्र्याचा ताजमहाल, कन्याकुमारीचे शंख, सावंतवाडीची लाकडी फळे, मुलांच्या ढाली आणि करंडक. आणि गोव्याच्या सहलीहून आणलेले एक शिडाचे जहाज. पांढरी शिडे, त्यांवर तांबडा क्रूस, खाली पितळी पट्टी. बँकेतल्या निरोपसमारंभांतही हे जहाज हमखास असते. माणूस निवृत्त झाला की त्याला जहाज का द्यावे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

पट्टीवर बहुधा ‘सांता मारिया’ हे नाव असते. कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनमधल्या पालोस बंदरातून तीन जहाजे घेऊन निघाला, त्यांतले हे सर्वांत मोठे. तो निघाला होता आपल्या बाजूला आणि पोचला भलतीकडेच, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की हे जहाज मायदेशी परतलेच नाही. त्याच वर्षीच्या नाताळच्या रात्री आजच्या हैतीच्या किनाऱ्याजवळ ते रुतून बसले. कोलंबसाने त्याची लाकडे उतरवून घेतली आणि किनाऱ्यावर त्यांचा छोटासा कोट बांधला. त्या जहाजाचा आराखडा उरलेला नाही, की समोर बसून काढलेले चित्र नाही. चारशे वर्षे झाली म्हणून १८९२ साली स्पेनने त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली आणि शिकागोच्या प्रदर्शनाला नेली. पुढेही काही बांधल्या गेल्या. त्यांची मापे एकमेकींशी जुळत नाहीत, कारण दर वेळी जाणकारांचा अंदाज निराळा. म्हणजे जगभरच्या दिवाणखान्यांत दिमाखाने उभे असलेले हे जहाज नेमके कसे दिसत होते, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. बाजारातला शोपीस वेगळा आणि हाताने, मापात बांधलेले मॉडेल वेगळे. माझे एक परिचित आहेत, तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी दोन पावसाळे खपून हीच सांता मारिया केली. आधी तळाचा कणा, त्यावर एकेक फासळी, फासळ्यांवर कोमट पाण्यात भिजवून वाकवलेल्या चार-चार मिलिमीटर रुंदीच्या फळ्या. डोलकाठ्या हाताने तासलेल्या. दोऱ्यांना मेण लावलेले, आणि जाड-बारीक अशा त्यांच्या पाच जाती. बायको म्हणायची, घरातली सगळी कपड्यांची चापे या जहाजाने खाल्ली. फळी चिकटेपर्यंत ती दाबून धरायला चापा लागायच्या. मी बघायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “चित्रकाराचं बरं असतं हो. त्याची दोरी ढगात संपली तरी चालते. आम्हांला ती कुठंतरी बांधावी लागते.” त्यांच्याकडच्या दोन पुस्तकांत एका दोरीविषयी मतभेद होता. त्या एका दोरीपायी काम तीन आठवडे अडले होते.

मॉडेलची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. लिहिताना मी सहज लिहून जातो की ‘गलबताने शिडे उभारली’. कुणी उभारली, किती जणांनी, कोणत्या दोरीने, ती दोरी कुठल्या खुंटीला आवळली, यातले काही मला सांगावे लागत नाही. कादंबरीकाराला अशी सूट असते. मॉडेल करणाऱ्याला ती नाही.

निघताना मी त्यांना विचारले, एवढी मेहनत कोलंबसापायी कशाला? आपले एखादे गुराब करा की. ते पटकन म्हणाले, “नकाशा आणून द्या. उद्या बसतो.”

हा नकाशा आजतागायत माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कोल्हापूरकराला समुद्राचे काय पडले आहे, असे कुणी म्हणेल. आमचा समुद्र म्हणजे रंकाळा. त्यापलीकडचे पाणी पाहायचे तर गगनबावडा उतरावा लागतो. पण टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात एकदा मुलांना घेऊन जा. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे. ती कुणा देशी देवाची नाही, ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची आहे. पंचगंगेच्या काठी, सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्राचा परदेशी देव! सातवाहनांच्या काळात कुणा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून तो घाट चढून आला असणार. आणि तो ज्या जहाजातून आपल्या किनाऱ्याला लागला, ते जहाज कुणीतरी बांधले असणार.

पुढचा इतिहास तर घरचाच आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या मोहिमेवर गेले. राज्याच्या वाटण्या झाल्यावर सिंधुदुर्ग आला करवीर गादीकडे, आणि त्याबरोबर आरमारही. समुद्रापासून घाटाने तुटलेल्या या शहराचे स्वतःचे आरमार होते, हे आज रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजांना मात्र ते चांगले ठाऊक होते. १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि वर्षभरात पैसे घेऊन तो कोल्हापूरला परतही केला. शेवटी १८१२च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. त्यांच्या कागदपत्रांत या दर्यावर्दींना ‘मालवणचे चाचे’ म्हटले आहे. ज्याची जहाजे लुटली जातात, तो दुसरे काय म्हणणार?

मालवण गेले, आरमार गेले. राहिले काय? नावे. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी यादी येते. वाचताना छाती फुगते. पण बखरकाराने मापे दिलेली नाहीत. ते त्याचे काम नव्हते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजे कोरलेली आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे, आत पाण्याचे रांजण मांडलेले. इंग्रजांनी गुराबांची वर्णने लिहून ठेवली, चित्रे काढली. समुद्रात दुरून जे दिसले ते त्यांत आहे. फळीला फळी कशी बसवली, कोणते लाकूड कुठे वापरले, डोलकाठीचा बुंधा कशात रोवला, हे दुरून दिसत नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा सारे कोल्हापूर खवळून उठले. आपण भांडू शकलो याचे कारण असे, की चप्पल करणारे हात अजून शाबूत आहेत. कातडे कमावण्यापासून वेणीपर्यंतची रीत त्यांनी जगाला दाखवली. उद्या परदेशातल्या कुणी मनाला येईल तसले जहाज बांधून त्याला गुराब म्हटले, तर आपण काय दाखवणार? बखरीतला शब्द?

नकाशा नव्हता म्हणजे ज्ञान नव्हते, असे मात्र मी म्हणू देणार नाही. कारण मी ते ज्ञान माझ्या टेबलावर ठेवलेले पाहिले आहे. १९८०च्या दशकात माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाखेत झाली होती. घाटावरचा माणूस, होडी आणि मचवा यांतला फरकही तिथेच शिकलो. मच्छीमारांना होड्या बांधायला कर्ज देण्याची योजना चालू होती. छापील अर्जात एक रकाना होता : नौकेचा नकाशा व खर्चाचा अंदाज सोबत जोडावा. खर्चाचा अंदाज सगळेच आणायचे. नकाशाच्या जागी कुणी काही जोडत नसे. एका अर्जदाराला मी म्हटले, तुमच्या मेस्त्रींनाच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. सत्तरीचे, काटकुळे, खांद्यावर पंचा. त्यांनी पिशवीतून सव्वा फुटाची एक लाकडी होडी काढली आणि माझ्या लेजरवर ठेवली. “सायबानू, हो घेवा तुमचो प्लॅन.” मी म्हटले, कागदावर हवा. ते हसले. “कागद भिजलो की गेलो. ह्यां भिजलां तरी तरंगता.”

मग त्यांनी माप सांगितले. एक बोट म्हणजे एक हात. चोवीस बोटांचा एक हात होतो, म्हणजे ती होडी खऱ्या होडीच्या बरोबर चोविसाव्या हिश्शाची होती. युरोपात मॉडेल करणाऱ्यांचे जुने प्रमाण अठ्ठेचाळिसास एक असे आहे, फुटाला पाव इंच. मेस्त्रींचे त्याच्या दुप्पट. हा योगायोग मला फार पुढे कळला. होडी नुसती कोरलेली नव्हती. वरची फळी निघत होती आणि आतल्या फासळ्या दिसत होत्या. कणा कुठल्या लाकडाचा, फळ्या कुठल्या, हे ते बोट ठेवून सांगत होते. आमच्या तांत्रिक अधिकाऱ्याने दोन तास बसून तिची मापे घेतली, त्यांना चोविसाने गुणले आणि नकाशा तयार केला. फाइलला लागला तो त्याचा कागद. कर्ज मंजूर झाले, होडी झाली, आणि ती पाण्यात उतरण्याआधी मी तपासणीला गेलो तेव्हा टेप लावून पाहिले. वीस हात लांबीत फरक निघाला चार बोटांचा. कर्जही वेळेवर फिटले, हे बँकवाल्याच्या सवयीने सांगून टाकतो.

याच्या नेमकी उलट गोष्ट मुंबईच्या गोदीतली आहे. तिथे वाडिया घराण्याचे मिस्त्री इंग्रजी नौदलासाठी सागवानी जहाजे बांधत. त्यांतल्या ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले. ते जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन जहाजाशी झालेल्या लढाईत नष्ट झाले आणि नकाशेही त्याबरोबर गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत काम थांबले. ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली ती १८१७ साली. मुंबईत घडलेले ते सागवान आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे, तिकीट काढून पाहता येते. आमच्या मेस्त्रींचे काम कागदावाचून एक दिवसही अडले नसते, याचा मला अभिमान वाटतो. पण हार्टलपूलला जहाज आहे आणि आपल्याकडे बखरीतली यादी आहे, हेही तितकेच खरे.

काही वर्षांपूर्वी त्या गावी पुन्हा गेलो होतो. मेस्त्री केव्हाच गेले होते. त्यांचा नातू होड्यांचेच काम करतो, पण फायबरच्या. साचा तयार असतो, त्यात थर चढवायचे. मी त्याला नावे ठेवणार नाही. साग परवडत नाही, फायबरची देखभाल सोपी, आणि मासे काही होडीचे लाकूड बघून जाळ्यात येत नाहीत. आजोबांची ती सव्वा फुटाची होडी कुठे आहे, असे विचारले. घरच्यांना आठवेना.

तरीही एवढ्यात हात टेकण्याचे कारण नाही, असे मला वाटते, ते ‘कौंडिण्य’मुळे. अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकातले शिवलेले जहाज पुन्हा बांधायचे, असे २०२३ साली ठरले. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांनी मिळून ते अंगावर घेतले. शिवलेले म्हणजे अक्षरशः शिवलेले : खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना टाकलेल्या, सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ. नकाशा इथेही नव्हता, फक्त भिंतीवरचे चित्र. मग केरळचे जहाजबांधणीतले उस्ताद बाबू शंकरन यांचे हात आले. फळ्या शिवण्याची विद्या त्या हातांत टिकून होती. आणि त्यांच्या जोडीला आले मॉडेल. चेन्नईच्या आयआयटीत जहाजाचे मॉडेल पाण्यात चालवून ते लाटांत कसे वागेल हे तपासले गेले. सुमारे वीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद असे ते जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरले आणि मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाले. डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये वाऱ्याच्या बळावर मस्कतला पोचले.

कारवारचे नाव ऐकून मला वेगळेच आठवले. कारवारच्या समोरच अंजदीव बेट आहे. १४९८च्या सप्टेंबरात परतीच्या वाटेवर वास्को द गामा तिथे थांबला होता, आपल्या जहाजांचे तळ साफ करून घेत. त्याच्याही जहाजांची मॉडेले जगभर विकली जातात. ‘कौंडिण्य’चे एक मॉडेल मात्र अजून आमच्या कुणाच्या शोकेसमध्ये मी पाहिलेले नाही. मेस्त्रींच्या मापाने, हाताला एक बोट धरून केले, तर ते पावणेतीन फुटांचे होईल. शोकेसला जरा मोठे, पण शाळेच्या दालनात छान बसेल.

‘कौंडिण्य’ उभे राहिले कारण शिवणारे हात वेळेवर सापडले. कोकणात लाकडी होडी कण्यापासून बांधलेले मेस्त्री अजून आहेत, पण ते सारे म्हातारे आहेत. त्यांना शाल-श्रीफळ देऊ नका. ते आपण फार देतो. त्यांच्याकडून मॉडेल करून घ्या आणि त्याचे रोजच्या हजेरीने पैसे मोजा. पगार, मचवा, पडाव, जे जे त्यांनी स्वतः बांधले आहे ते सगळे. गुराब त्यांनीही पाहिलेले नाही, हे मला कळते. पण गुराबाचा अंदाज बांधायचा तर तो याच किनाऱ्यावरच्या हातांच्या सवयीवरून बांधावा लागेल, सांता मारियावरून नाही. कुणी म्हणेल, आता लेझरने मोजून सगळे संगणकात ठेवता येते. जरूर ठेवावे. लेझर होडी आहे तशी मोजतो. आधी कुठली फळी बसवली आणि तीच आधी का, हे त्याला मेस्त्रीनेच सांगायला हवे.

यात कोल्हापूरने का पडावे? इतिहासाचे देणे आहे म्हणून, हे एक कारण झाले. दुसरे जास्त व्यवहारी आहे. आमच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत फाउंड्र्या आहेत, आणि फाउंड्री म्हटली की पॅटर्नमेकर आला. ओतायच्या भागाचा आधी लाकडी नमुना करावा लागतो. बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक सूत आकसते, तेवढे माप वाढवून, साच्यातून निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार देऊन, हे लोक लाकूड असे तासतात की बघत राहावे. त्यांचेही काम आता संगणकावरच्या यंत्रांकडे चालले आहे. कोकणातला मेस्त्री आणि उद्यमनगरातला पॅटर्नमेकर एका बाकावर बसवले, तर एकाला होडी माहीत आहे आणि दुसऱ्याला सूतभर चूक न करता ती लहान करता येते. खर्च? गल्लीतल्या एका नेत्याच्या वाढदिवसाला जेवढे डिजिटल फलक लागतात, त्यात पहिले मॉडेल होऊन जाईल. आपल्याला उंच गोष्टींची ओढ फार. मालवणला राजकोटावर २०२३ साली उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, ते साऱ्या महाराष्ट्राने सुन्न होऊन पाहिले. त्याच किनाऱ्यावर महाराजांच्या आरमाराची दोन-अडीच फुटांची, पण प्रत्येक सांधा खरा असलेली मॉडेले मांडलेली मला जास्त आवडतील. त्यांतले एक टाऊन हॉलमध्ये पोसायडनशेजारी ठेवावे. तोही समुद्र बघून पुष्कळ वर्षे झालेला आहे.

हे सगळे परवा मी उद्यमनगरातल्या एका जुन्या पॅटर्नमेकरांना सांगितले. त्यांनी इतिहासाविषयी अवाक्षर काढले नाही. पेन्सिल कानावरून काढून विचारले, “फळी फळीवर चढती हाय, का कडंला कड?” मी म्हटले, ते मेस्त्रीच सांगतील. नारळी पौर्णिमेआधी, होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा, आम्ही दोघे मालवणकडे जाणार आहोत. टेप मी घेतो म्हटले तर ते नको म्हणाले. त्यांचा स्वतःच्या फुटपट्टीवरच विश्वास आहे.